एडो : नाव गुलामाचे, उत्सव राजाचा

एखाद्या समाजाचा इतिहास कोणी लिहिला, हे विचारल्याशिवाय तो वाचू नये. ही गोष्ट आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु हा प्रश्न आपण आपल्या देशापुरता विचारतो आणि दूरच्या समाजाविषयी वाचताना तो विसरतो. आफ्रिकेच्या बाबतीत तर हे फार घडते. १९७२ साली ज्या संघटनेने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले, तिच्या काळापासून मराठीत कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा चालू आहे. पण त्या चर्चेतली आफ्रिका बहुधा अमेरिकेतून आलेली आहे. ती हिरावलेली माता आहे, निष्पाप आहे, आणि मुख्य म्हणजे ती एकसंध आहे. तिच्यात राजा आणि गुलाम, सरदार आणि हमाल, ओतारी आणि त्याच्या घरातली बाई असे भेद जणू नव्हतेच. ही भावना समजण्यासारखी आहे. मात्र समीक्षेला ती पुरत नाही. नायजेरियातील एडो लोकांचा इतिहास आणि त्यांचे उत्सव पाहू लागलो की ही भावना पहिल्याच पानावर अडखळते.

एडो लोकांचे मुख्य शहर बेनिन सिटी. ज्या शेजारी देशाने १९७५ साली दाहोमी हे नाव टाकून बेनिन हे नाव घेतले, त्याच्याशी या शहराची गल्लत करू नये. नायजेरियातील एडो राज्य २७ ऑगस्ट १९९१ रोजी स्थापन झाले आणि बेनिन सिटी त्याची राजधानी आहे. येथे ओबा म्हणजे राजा आजही आहे. सध्याचे ओबा दुसरे एवुआरे २०१६ च्या ऑक्टोबरात गादीवर बसले. राज्यसत्ता सरकारकडे आहे, पण वर्षातून एकदा हे शहर कोणाचे, याची आठवण राजवाडा इग्वे उत्सवातून सर्वांना करून देतो.

या समाजाविषयी लिहिणाऱ्यांच्या दोन परंपरा आहेत. एक जेत्याची. १८९७ साली ब्रिटिश फौजेने बेनिन जिंकले आणि त्याच वर्षी त्या मोहिमेतील बेकन या अधिकाऱ्याचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच बेनिनला 'रक्ताचे शहर' म्हटले आहे. दुसरी परंपरा राजवाड्याची. जेकब एघारेव्बा यांनी १९३४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला बेनिनचा संक्षिप्त इतिहास हा तिचा पाया आहे. एघारेव्बांचे ऋण मोठे आहे. लिखित नोंद नसलेल्या समाजात म्हाताऱ्यांकडे बसून, विधी सांभाळणाऱ्यांना विचारून त्यांनी जे टिपले, ते टिपले नसते तर आज आपल्या हाती बेकनच उरला असता. पण त्यांच्या ग्रंथाची चौकट राजावळीची आहे. प्रथम ओगिसो म्हणजे आकाशाचे राजे, त्यांतला शेवटचा ओवोदो हाकलला गेला, मग इफेहून ओरानमियान आला, त्याचा मुलगा एवेका पहिला ओबा झाला, आणि तेथून पुढे एकामागून एक ओबा. (इफेचा मूळ पुरुष एडो होता की एडोंचा राजवंश इफेचा, यावर योरुबा आणि एडो पंडितांत अजून भांडण आहे. थोरल्या घराण्याचा मान कोणाला, एवढाच त्या भांडणाचा अर्थ. आपण त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.) प्रजा या चौकटीत येते ती राजाच्या कथेत पाय टाकते तेव्हाच. गंमत अशी की ती फार वेळा पाय टाकते, आणि एघारेव्बांसारख्या प्रामाणिक नोंदकाराला ते पुसता येत नाही.

पंधराव्या शतकातल्या थोरल्या एवुआरेचेच उदाहरण घ्या. राज्य वाढवणारा, शहराची नवी आखणी करणारा, पोवळ्याची राजभूषणे आणणारा हा राजा एडो अभिमानाचा कळस. पण परंपरा त्याच्याविषयी काय सांगते? राजपुत्र असताना तो परागंदा होता. लपतछपत शहरात आला तेव्हा एका सरदाराने त्याला आसरा दिला, कोरड्या विहिरीत लपवले आणि मग दगा देऊन शत्रूला वर्दी दिली. त्या सरदाराच्या घरच्या एका गुलामाने हे ओळखले, विहिरीत शिडी सोडली आणि एवुआरेला बाहेर काढले. या कृत्यासाठी तो गुलाम मारला गेला. त्या गुलामाचे नाव एडो. गादीवर आल्यावर एवुआरेने त्याला देवत्व दिले आणि शहराला त्याचे नाव दिले, असे एघारेव्बा नोंदवतात.

म्हणजे आज जे लोक स्वतःला एडो म्हणवतात, जी भाषा एडो म्हणून ओळखली जाते, जे राज्य नायजेरियाच्या नकाशावर त्या नावाने आहे, त्या साऱ्यांच्या शिरावर एका गुलामाचे नाव आहे. ही कथा शब्दशः खरी असेल की नसेल, तो इतिहाससंशोधकांचा प्रश्न. ती राजवाड्याने सांभाळली आणि सांगितली, एवढे आपल्याला पुरे आहे. कारण त्यामुळे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. ज्या राज्याने गुलामाच्या नावाने स्वतःचे बारसे केले, त्या राज्याने गुलामगिरी मात्र जशीच्या तशी ठेवली. हे कसे शक्य झाले? उत्तर कथेतच आहे. त्याला देव केले. माणसाचे देणे फेडावे लागते, देवाला नैवेद्य दाखवला की भागते.

हेच एमोतान या बाईच्या बाबतीत झाले. ती बाजारात किरकोळ माल विकणारी बाई. परागंदा एवुआरेला तिने आसरा दिला, बातम्या पुरवल्या, गादी परत मिळवून दिली. ती मेल्यावर तिच्या दुकानाच्या जागी वृक्ष लावून त्याची पूजा सुरू झाली. तो वृक्ष पडल्यावर १९५४ साली ओबा दुसरे अकेंझुआ यांच्या काळात तेथे, ओबा बाजारासमोर, जॉन डॅनफर्ड या ब्रिटिश शिल्पकाराने घडवलेला तिचा पुतळा बसवला गेला. मिरवणुका तेथे थांबतात आणि मान देऊन पुढे जातात. बाजारवाली देवता झाली. दरबारातील सरदारकीच्या उतरंडी मात्र पुरुषांसाठीच राहिल्या.

आणि जे देव झाले नाहीत त्यांचे काय? एवुआरेचे दोन मुलगे एकाच दिवशी मरण पावले, तेव्हा त्याने सर्व प्रजेवर दीर्घ सुतक लादले. स्नान नाही, स्त्री-पुरुषांचा संग नाही. लोकांनी बंड केले नाही. ते गाव सोडून निघून गेले. एडोंच्या उत्तरेकडील एसान लोक आपल्या नावाचा अर्थ 'पळून गेलेले' असा सांगतात, आणि त्या पळण्याचे कारण म्हणून हेच सुतक सांगितले जाते. राजाच्या शोकाला प्रजेने दिलेले हे उत्तर एघारेव्बांच्या पुस्तकात ओझरते येते. माझ्या मते थोरल्या एवुआरेच्या कारकिर्दीवरचे ते सर्वांत नेमके भाष्य आहे.

आता इग्वेकडे वळू. हा उत्सव वर्षअखेरीस, डिसेंबरात होतो. १८९७ पूर्वी राजवाड्याचे विधी वर्षभर पसरलेले होते. १९१४ मध्ये गादी पुन्हा स्थापन झाल्यावर, ब्रिटिश अमलात, ते आक्रसत नाताळच्या सुट्टीच्या आसपास आले. ज्यांना परंपरा म्हणजे अनादी काळापासून न बदललेली गोष्ट वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. सरकारी कचेरीच्या सुट्टीने देवांचे पंचांग बदलले आणि देवांनी ते मुकाट्याने मान्य केले.

इग्वेचा गाभा म्हणजे मस्तकाची पूजा. एडो विचारात डोके हे माणसाच्या दैवाचे आणि बुद्धीचे स्थान आहे. ओबाच्या अंगाला औषधी लावून, बळी देऊन त्याची गूढ शक्ती नव्याने जागवली जाते, कारण त्याचे डोके ठीक तर राज्य ठीक. सरदार हातात एबेन नावाची समारंभी तलवार घेऊन त्याच्यापुढे नाचतात आणि निष्ठा व्यक्त करतात. त्यानंतर घरोघरी लोक आपापल्या मस्तकाची पूजा करतात. क्रम लक्षात घ्यावा. आधी राजाचे डोके, मग प्रजेचे. तरी दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे : प्रत्येकाला डोके आहे आणि ते पूज्य आहे, हे येथे मान्य आहे. समाजातले काही लोक मस्तकातून झाले आणि काही पायांतून, असे या धर्माने शिकवलेले नाही.

पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये. एडो श्रद्धेनुसार माणूस जन्मापूर्वी ओसानोबुआ या निर्मात्यापुढे आपले दैव स्वतःच बोलून येतो, आणि एही हा त्याचा परलोकातील जोडीदार त्याचा साक्षी असतो. मग गुलामाने काय स्वतःच्या तोंडाने गुलामी मागून घेतली? या प्रश्नाला ही श्रद्धा जे उत्तर देईल, ते ऐकण्याची आपल्या कानांना सवय आहे. याच संस्कृतीत याला छेद देणारी एक वस्तूही आहे : हाताची वेदी, तिला इकेगोबो म्हणतात. हात म्हणजे स्वतःच्या बळावर मिळवलेले यश. डोक्याने दिले नाही ते हाताने घेतले, असे सांगणारी ही पूजा. मात्र ज्या पितळी इकेगोबो संग्रहालयांत दिसतात त्या ओबाच्या आणि सेनापतींच्या आहेत. ज्यांच्या हातांनी खंदक खणले, त्यांच्या हाताची वेदी पितळेत ओतलेली कोणी पाहिलेली नाही.

खंदकांचा उल्लेख आलाच आहे तर : बेनिन सिटीभोवतीचे मातीचे तट आणि खंदक हे जगातल्या मोठ्या मातीकामांत गणले जातात. पुरातत्त्वज्ञ ग्रॅहॅम कॉना यांनी हिशोब केला की आतला तट एकाच कोरड्या हंगामात उभारायचा तर सुमारे ५००० माणसांना रोज दहा तास तीन महिन्यांहून अधिक काळ राबावे लागले असते. पाहुण्यांना दाखवताना या तटाचे श्रेय राजांना दिले जाते.

इग्वेच्या मालिकेत आणखी दोन विधी आहेत, ज्यांच्याकडे समीक्षकाने थांबून पाहिले पाहिजे. पहिला इरॉन. उझामा हे सात जुने वंशपरंपरागत सरदार, ज्यांचे पूर्वज म्हणे राजवंशाच्या आधीपासून सत्तेत होते. तेराव्या शतकातील ओबा एवेदोने त्यांचे पंख छाटले. इरॉनच्या दिवशी हे सरदार मुकुट घालून येतात, राजाच्या वीरांशी लुटुपुटीची लढाई करतात आणि हरतात. राज्याभिषेकातही असेच आहे : ओगियामिएन घराणे जुन्या सत्तेचे प्रतिनिधी म्हणून नव्या ओबाशी खोटी लढाई खेळते. राजवाड्याच्या दृष्टीने हा विजयाचा पुनरुच्चार. पण दुसरीकडून पाहा. विरोध झाला होता, ही सत्ता जन्मजात नव्हती, ती कोणाकडून तरी हिसकावली होती, ही गोष्ट हा विधी दर वर्षी भर चौकात कबूल करतो. लिखित बखरीत पराभूताला गाळता येते, विधीत त्याला बोलवावे लागते. तो आल्याशिवाय विधी पुरा होत नाही.

दुसरा विधी सामान्य लोकांचा, आणि मला तो सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. उत्सवाच्या शेवटी पहाटे मुले आणि तरुण पेटती लाकडे घेऊन वर्षभराचे अरिष्ट गावाबाहेर हाकलतात आणि परतताना एवेरे नावाच्या झाडाची पाने आणून घरोघर देतात. पाने डोक्याला लावायची, एकमेकांना सुखाचे वर्ष चिंतायचे. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याची पाने देतात तसेच काहीसे. बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रसंग गोड वाटतो, आणि तो गोडच आहे. पण एवेरे ही कोण? परंपरा सांगते, ती एवुआरेची लाडकी राणी, शांत आणि सुस्वभावी. आणि ज्या अरिष्टाला हाकलायचे त्याचे नाव उबी. उबीही एवुआरेला दिलेली बाईच. ती राजाशी पटवून घेणारी नव्हती, म्हणून तिला मारून हाकलले गेले. जी निमूट राहिली तिचे पान झाले. जी राहिली नाही तिचे भूत झाले, आणि पाचशे वर्षे मुले तिच्यामागे कोलिते घेऊन धावत आहेत.

उबीचे म्हणणे काय होते? राजवाड्याच्या परंपरेत ते नाही. बेकनकडे नाही आणि एघारेव्बांकडेही नाही. ब्रॅडबरी या मानववंशशास्त्रज्ञाने एडो समाजाचा जो कसून अभ्यास केला, त्यातही विधीचा अर्थ मिळतो तो विधी करणाऱ्यांच्या तोंडून. सणाची टीका करायची म्हणजे सण बंद करा असे म्हणायचे नसते. पण ज्या एडो लेखिका आज लिहीत आहेत, त्यांच्यापैकी कोणी उबीचे नाटक लिहिले तर ते वाचायला मी उत्सुक आहे. एडो राजांवर नाटके पुष्कळ झाली. ओला रोतिमी यांनी १८९७ मध्ये राज्य गमावलेल्या ओवोनरामवेनवर लिहिले, अहमद येरिमा यांनीही त्याच्यावरच लिहिले. पराभूत राजा हा शोकांतिकेचा ठरलेला नायक आहे. हाकलून दिलेल्या बाईला अजून रंगमंच मिळायचा आहे.

नरबळीचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रिटिशांनी त्याचा वापर लुटीवर पांघरूण घालण्यासाठी केला, यात शंका नाही. स्वतःच्या साम्राज्यात हजारोंना उपाशी मारणाऱ्यांनी दुसऱ्याच्या रक्तावर अश्रू ढाळावेत, हा ढोंगीपणा होता. म्हणून अनेक स्वाभिमानी लेखक म्हणतात की नरबळी ही ब्रिटिशांची थाप होती. तसे नव्हते. मण्यांच्या विधीत, राजाची पोवळी एकत्र करून त्यांची शक्ती नव्याने जागवताना, पूर्वी माणसाचे रक्त सांडले जाई. कॉना यांना १९६० च्या दशकातील उत्खननात विहिरीसारख्या एका खोल खड्ड्यात किमान ४१ व्यक्तींचे अवशेष मिळाले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. सुमारे तेराव्या शतकातली ही गोष्ट, म्हणजे पहिला गोरा माणूस या किनाऱ्यावर येण्याच्या दोनशे वर्षे आधीची. जेत्याच्या आरोपपत्रात या मुली पुरावा म्हणून येतात आणि राष्ट्राभिमानी बचावात त्या गाळल्या जातात. दोन्हीकडे त्या माणूस म्हणून येत नाहीत.

१८९७ ची हकीकतही याच नजरेने पुन्हा वाचावी लागते. नायजर कोस्ट संरक्षित प्रदेशाचा हंगामी कौन्सल-जनरल फिलिप्स याने आधीच्या नोव्हेंबरात लंडनला लिहिले होते की ओबाला पदच्युत करण्यास परवानगी द्यावी, खर्च भागेल इतके हस्तिदंत राजवाड्यात सापडेल. जानेवारीत तो निघाला. ओबाचे वार्षिक विधी चालू आहेत, सध्या येऊ नका, असा निरोप आला तरी थांबला नाही. वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. नऊ गोऱ्यांपैकी सात मेले. हे सात सर्वत्र नावानिशी सापडतात. पण त्या तुकडीत दोनशेच्या वर आफ्रिकी हमाल होते, सामान वाहायला आणलेले, आणि त्यांतले बहुतेक तेथेच मारले गेले. ना साम्राज्याशी त्यांचे देणेघेणे, ना ओबाशी वैर. ब्रिटिश म्हणतात, आमची माणसे मारली. त्यांच्या मनात ते सात असतात. एडो अभिमानी म्हणतात, आम्ही आक्रमकांना रोखले. त्या शौर्यातही हमाल बसत नाहीत. फेब्रुवारीत रॉसनच्या हाताखाली सुमारे १२०० जणांची फौज आली, १८ फेब्रुवारीला शहर पडले, तीन दिवसांनी ते जळाले, आणि हजारो पितळी व हस्तिदंती वस्तू लुटून नेल्या गेल्या. ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केले. तेथेच तो १९१४ च्या जानेवारीत वारला. अभ्यासक सांगतात की एडो भाषेत 'आठवणे' या अर्थाचा एक शब्दप्रयोग मुळात 'पितळेत ओतणे' असा आहे. लुटलेल्या पट्ट्यांवर राजे आहेत, सरदार आहेत, पोर्तुगीज व्यापारीही आहेत.

ओतणारे कोण? इगुन रस्त्यावरचे ओतारी. मेणाचा साचा करून, मेण घालवून त्या जागी पितळ ओतण्याची त्यांची विद्या वंशपरंपरागत, ओबाच्या सनदेने बांधलेली, संघटनेच्या ताब्यात. वंशपरंपरागत धंदा म्हटल्यावर आपले कान टवकारतात, आणि ते साहजिक आहे. पण येथे घाईने 'जात' हा शब्द लावणे चूक ठरेल. ओतारी नीच मानला जात नव्हता. उलट राजाचा कारागीर म्हणून त्याला मान होता. एडो कुळांत कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम आहे. सकाळच्या नमस्काराच्या शब्दावरून माणसाचे कूळ ओळखता येते, राजकुळाला 'लामोगुन' म्हणतात. पण त्या ओळखीने विटाळ होत नाही. राजवाड्याच्या मंडळांत सामान्य घरचा स्वतंत्र पुरुष दक्षिणा भरून शिरू शकत होता आणि वर चढू शकत होता. अस्पृश्यतेच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर ती शेजारच्या इग्बो लोकांत आहे : देवाला वाहिलेले 'ओसू', ज्यांच्याशी रोटीबेटी बंद होती आणि १९५६ च्या कायद्यानंतरही लग्नाच्या वेळी ज्यांची चौकशी होते. एडो समाजातील दरी निराळी होती. ती स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांच्यात होती, पुरुष आणि स्त्री यांच्यात होती, राजवाडा आणि खेडे यांच्यात होती. प्रत्येक विषमतेला आपल्याच विषमतेचे नाव दिले की तिच्याशी लढण्याची जागा चुकते.

इगुनमध्ये स्त्रीने धातू ओतायचा नाही, हा दंडक होता. तो मोडला एलिझाबेथ ओलोवू यांनी. त्या ओबा अकेंझुआ यांच्या कन्या. ही गोष्ट अभिनंदनीय आहेच, पण दंडक मोडायला राजकन्या लागली हेही नोंदवून ठेवावे.

पितळ कोठून आले, हा प्रश्न अलीकडे फार टोकदार झाला आहे. पोर्तुगीज १४८० च्या दशकात बेनिनला पोहोचले आणि मिरी, हस्तिदंत, कापड यांबरोबर माणसेही विकत घेऊ लागले. पाशेको परेरा या पोर्तुगीजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी एका गुलामाची किंमत १२ ते १५ पितळी कडी अशी लिहून ठेवली आहे. सोळाव्या शतकात बेनिनने पुरुष गुलामांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती दीर्घकाळ टिकली. एडो अभिमानी हे आवर्जून सांगतात. पण ती बंदी पुरुषांपुरती होती, आणि पुढे तीही गेली. २०२३ साली जर्मन संशोधकांनी बुडालेल्या जहाजांतील कडी तपासून दाखवले की बेनिनच्या अनेक पितळी कृतींचा धातू जर्मनीतील ऱ्हाइन खोऱ्यातून आलेल्या अशाच कड्यांचा आहे. म्हणजे त्या मूर्तींत आणि पट्ट्यांत विकलेल्या माणसांची किंमत वितळलेली आहे.

याच मुद्द्यावर अमेरिकेत खटला झाला. २०२२ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालय आपल्याकडच्या वस्तू नायजेरियाला परत करू लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या 'रेस्टिट्यूशन स्टडी ग्रूप' या संस्थेने न्यायालयात धाव घेतली. या संस्थेच्या मागे गुलामांचे वंशज आहेत. त्यांचे म्हणणे असे : हे पितळ आमच्या पूर्वजांना विकून आले, तेव्हा विकणाऱ्याच्या वंशजाला ते एकट्याला कसे देता? न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. नायजेरियात त्यांच्यावर रोष झाला, आणि संग्रहालयवाल्यांना हे निमित्त सोयीचे पडेल ही भीती खोटी नव्हती. लुटलेला माल परत गेलाच पाहिजे. जर्मनीने २०२२ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियम मात्र १९६३ च्या कायद्यावर बोट ठेवून नऊशेवर वस्तू धरून आहे आणि फार तर उसन्या देऊ म्हणते. (साताऱ्यात २०२४ मध्ये वाघनखे आली तीही उसनीच, तेव्हा उसनवारीचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको.) पण परत गेलाच पाहिजे हे म्हटल्यावर कोणाकडे, हा प्रश्न संपत नाही, तेथे सुरू होतो. खटला हरलेल्यांनी तो विचारला, म्हणून तो हरलेला प्रश्न ठरत नाही.

२०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंचा मालक ओबा असल्याचे जाहीर केले. २०२५ च्या नोव्हेंबरात बेनिन सिटीतील पश्चिम आफ्रिकी कलेचे नवे संग्रहालय उघडणार होते. राजवाड्याची बाजू घेणारे निदर्शक आत घुसले आणि उद्घाटन बारगळले. एका बाजूला परदेशी देणग्यांवर उभी राहिलेली संस्था, दुसऱ्या बाजूला गादी. इगुनच्या ओताऱ्यांचा हक्क, ज्यांच्या बदल्यात पितळ आले त्यांच्या वंशजांचा हक्क, यांना त्या भांडणात बाजूच नाही.

राजवाड्यावर एवढी टीका केल्यावर एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. एडो धर्मात राजवाड्याबाहेरचीही एक मोठी जागा आहे : समुद्राचा देव ओलोकुन. त्याची उपासना मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आहे. सामान्य घरची बाई तेथे पुजारीण होते, आणि तिच्या देव्हाऱ्यात मातीचा राजदरबार मांडलेला असतो. पितळ राजाचे, माती तिची. परंतु याच देवस्थानांच्या धाकाचा फार वाईट उपयोगही झाला. १९८० च्या दशकानंतर एडो राज्यातून हजारो मुली इटली आणि युरोपात वेश्याव्यवसायासाठी नेल्या गेल्या. नेण्यापूर्वी त्यांना देवस्थानात शपथ घ्यायला लावत : कर्ज फेडीन, पळणार नाही, नाव सांगणार नाही. पोलिसांपेक्षा त्या शपथेचे भय मोठे होते. ९ मार्च २०१८ रोजी ओबा दुसरे एवुआरे यांनी राज्यातील पुजाऱ्यांना राजवाड्यात बोलावले, माणसांचा व्यापार करणाऱ्यांना शाप दिला आणि आजवर अशा मुलींकडून घेतलेल्या सर्व शपथा रद्द झाल्याचे जाहीर केले. युरोपात अडकलेल्या अनेक मुलींपर्यंत ही बातमी पोहोचली, आणि काहींनी दलालीणींना पैसे देणे थांबवले. शपथ सुटली. कर्ज मागणारे मात्र बेनिन सिटीत त्यांच्या आईबापांच्या दारात उभे राहिले, आणि त्यांच्यापासून संरक्षण देणे ओबाच्या हातात नव्हते, सरकारच्या होते.